बिदाईचा तवा

परवा आमच्या गल्लीतून एक वरात गेली. डीजे एवढा मोठा की मांडणीवरचे पेले आपोआप सरकत कडेला आले. मी उठून दार लावलं, खिडकी लावली, तरी छातीतली धपधप थांबेना. नातू म्हणाला, "आजी, गाणं आहे ते, बाँब नाही." असेल बाबा. पण सकाळी हळदीला जे वाजत होतं तेच अक्षतांना वाजलं, पंगतीला तेच, आणि नवरी रडत गाडीत बसली तेव्हाही तेच. घरात बसलेल्या माणसाला कळावं तरी कसं, लग्न कुठवर आलंय ते?

आमच्या वेळी कळायचं. आमचं गाव ताडकळसच्या बाजाराचं, आणि आमच्या ह्यांचा लाऊडस्पीकरचा सेट होता. पंचक्रोशीत लग्न असो, बारसं असो, सप्ता असो, माणूस आधी आमच्या दारात यायचा आणि मग आचाऱ्याकडं जायचा. डीजे हा शब्द तेव्हा कुणाच्या कानावरही नव्हता. रेकॉर्डला आम्ही तवा म्हणायचो आणि ह्यांना सगळे भोंगेवाले म्हणायचे.

भोंगेवाल्याचं काम म्हणजे नुसते तवे फिरवणं नव्हे. कोणतं गाणं केव्हा, हे गावाला पाठ होतं आणि त्यात चूक खपत नसे. पहाटे भजनं. लिंगायत वाण्यांच्या घरचं लग्न असलं तर पहिलं गाणं महादेवाचंच, नाहीतर म्हातारी माणसं दिवसभर तोंड फुगवून बसत. हळद लागली की गवळणी आणि लोकगीतं. नवरदेवाकडचे वेशीवर आले की कव्वाली, कारण आमच्याकडं निजामाच्या वेळेपासून थाटामाटाचं म्हणजे कव्वालीच. ती लागली की चहाचं आधण ठेवायचं, हे बायकांना सांगावं लागत नव्हतं. पंगतीला सिनेमातली गोड, संथ गाणी. "जेवताना ठेका लावला की माणूस बी पळत जेवतंय," असं हे म्हणायचे. अक्षता पडल्यावर तरण्या पोरांसाठी कोळीगीतं आणि पुढं पुढं डिस्को. लावणीचे तवे पेटीच्या तळाशी, म्हातारी माणसं पांगल्याशिवाय ते वर यायचे नाहीत.

आणि सगळ्यात शेवटी, नवरी वेशीवर आली की बिदाईचं गाणं. तो मान मुलीकडच्यांचा. ते लागलं की नवरदेवाकडचा बेंडबाजासुद्धा हात आखडता घ्यायचा. गावातल्या बायका हातातलं काम खाली ठेवून दारात यायच्या आणि पदर डोळ्यांना लावायच्या. नवरी कुणाची का असेना, प्रत्येकीला आपलं माहेर सुटलेलं आठवायचं. त्या एका तव्यानं ह्यांनी गावातल्या बायकांना जेवढं रडवलं तेवढं सगळ्या सासवांनी मिळूनही रडवलं नसेल. स्वतः मात्र मशीनपाशी कोरडे ठणठणीत बसायचे. मी चिडवलं की म्हणायचे, "माझं रडणं मी शिल्लक ठेवलंय. आपल्या पोरीच्या येळेला रडन."

मग नामांतराची वर्षं आली. माणसं एकमेकांशी जपून बोलायला लागली, बाजारातून लवकर परतायला लागली. भीमगीतांचे तवे ह्यांच्या पेटीत पहिल्यापासून होते आणि भीमजयंतीला आमचा सेट बौद्ध वस्तीत जायचाच. पारावर कुणीतरी विचारलं, "तिकडं बी वाजवणार आन् इकडं बी का?" हे म्हणाले, "दोन भोंगे कामून असतात बाबा? एकाचं तोंड इकडं, एकाचं तिकडं." पारावरचे हसले, पण त्या उन्हाळ्यात काही घरांनी आम्हाला लग्नं सांगितली नाहीत. हे घरी बसून तवे पुसायचे. विचारलं तर उत्तर द्यायचे नाहीत. मला वाटलं, लोकांच्या बोलण्यानं मन विटलं असेल.

मन विटलेलं नव्हतं. एक दिवस मागच्या दारानं बोका आला आणि दुधात तोंड घातलं. हे शेजारीच पाठमोरे बसलेले. मी अंगणातून ओरडले, तरी मान वळली नाही. मी हातातली घागर दगडावर आपटली. बोका पळाला, हे तसेच. मी पुढं जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "आवो, ऐकू येईना का तुमाला?" ते माझ्याकडं बघत होते, पण डोळ्यांकडं नाही, ओठांकडं.

परभणीला डॉक्टरला दाखवलं. जन्मभर भोंग्याखाली बसून कानाच्या नसा गेल्या होत्या. आता आहे तेवढंही जाईल आणि परत येणार नाही, असं त्यानं कागदावर लिहूनच सांगितलं. परतीच्या एसटीत हे खिडकीबाहेर बघत बसले. पिंगळीचा फाटा मागं पडल्यावर माझ्याकडं वळून म्हणाले, "कुणाला सांगायचं न्हाई."

"कामून? तुमी काय चोरी केली का?"

"आपल्याला पोर हाय."

एवढं बोलले आणि मला सगळं कळलं. ह्यांची आत्या बहिरी होती. तिला कुणी करून घेतलं नाही, ती भावाच्या दारात भाकरी थापत म्हातारी होऊन गेली. आता तिच्या भावाचा मुलगाही बहिरा म्हटलं की लोक भोंग्याला दोष देणार नव्हते, घराण्याला देणार होते. रोग रक्तातला आहे म्हणणार होते. आमची एकुलती एक लेक तेव्हा परकर सावरत शाळेत जात होती. तिचं लग्न होईपर्यंत हे बाहेर फुटायला नको, असं त्या एसटीत आमचं ठरलं.

मग मी ह्यांचे कान झाले. जिथं सेट जाईल तिथं मीही जायला लागले, बायकांच्यात बसायला. हे मशीनपाशी बसत आणि डोळे माझ्यावर ठेवत. मी डोक्यावर पदर घेतला की आवाज कमी करायचा. कमरेला खोचला की वाढवायचा. पदर झटकला की तवा अडकलाय, सुई पुढं ढकला. आणि पदर डोळ्यांना लावला की बिदाईचं गाणं नीट लागलंय, बायका रडायल्यात, आता हात लावू नका. बाकी पुरुषमाणसांची खूण गावाला आधीपासून ठाऊक होतीच. लांबून कुणी हात वर केला की भोंगेवाल्यानं आवाज वाढवायचा. पुढं कॅसेटी आल्या तेव्हा जास्त पंचाईत झाली. तव्यावरचं चित्र बघून ह्यांना गाणं ओळखू यायचं, कॅसेटी सगळ्या सारख्याच. मी घरूनच एकेक कॅसेट गाण्याच्या तोंडाशी आणून, पाठीवर रंगाचा ठिपका देऊन पेटीत लावायची.

बायकांनी मला काय कमी छळलं! "गं माय, ह्यांचा डोळा काई तुझ्यावरून हटंना!" "नवं लगीन हाय का तुझं?" मी लाजल्याचं सोंग करायची. सोंग तरी कसलं, खरंच लाजायची. लग्नाला इतकी वर्षं झालेला नवरा भरल्या मांडवात आपल्याकडंच बघत बसतो, हे सुख माझ्या ओळखीतल्या कुठल्या बाईच्या नशिबी होतं? का बघतो ते मला ठाऊक होतं, तरी मी लग्नाला जाताना बरं लुगडं नेसायची.

असं बरेच दिवस निभलं. मग माझ्या भावाच्या मुलाचं बारसं निघालं आणि मी पालमला गेले. त्याच दिवशी आमच्या गावात एक लग्न होतं. मी म्हणाले, सुपारी घेऊ नका. हे म्हणाले, "गावातलंच हाय, तवे बी ठरलेले हायेत. एक दिवस न्हाई का निभणार?"

आमच्याकडं एक रीत होती. गावात मयत झाली की भोंगा बंद. लग्न लाखाचं असो, सुई तव्यावरून उचलायचीच. पहिला हंबरडा कानावर आला की भोंगेवाला आपण होऊन मशीन बंद करायचा, आणि मयताला खांदा लागून ते शिवेबाहेर गेलं की मग अक्षता पडायच्या. ह्या रीतीसाठी गावात कधी तंटा झाला नव्हता.

त्या दिवशी दुपारी वेशीजवळच्या घरचा कर्ता माणूस परभणीच्या दवाखान्यातून जीपमध्ये आला तो मेलेलाच. चांगला तरणाताठा होता. त्याच्या बायकोनं दारात जो हंबरडा फोडला तो म्हणे नदीपर्यंत गेला. मांडवातली माणसं उठून उभी राहिली. आणि भोंग्यावर डिस्को. हे मांडवाकडं तोंड करून, वेशीकडं पाठ. पोरांचा नाच थांबला म्हणून ह्यांनी वर पाहिलं, तर लांबून एक म्हातारा दोन्ही हात वर करून पळत येत होता. बंद कर, बंद कर, म्हणत होता. ह्यांना हात दिसले, शब्द नाही. हात वर म्हणजे वाढव. ह्यांनी आवाज वाढवला.

कुणीतरी धावत येऊन वायरच उपटली. तेव्हा ह्यांनी मागं वळून पाहिलं.

मी पालमहून आले तेव्हा गावभर एकच होतं, भोंगेवाला माजला, मयताला बी आवाज वाढवला. ह्यांनी त्या घरासमोर जाऊन हात जोडले होते. त्या बाईनं मातीची मूठ उचलून ह्यांच्या अंगावर फेकली होती. सदऱ्याला ती माती तशीच होती. मी म्हणाले, "आता तरी सांगा खरं. मी जाते, मी सांगते तिला." ह्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "माजलेला म्हणू दे. माजलेल्याची पोर खपती, बहिऱ्याची खपत न्हाई."

मला तेव्हा ह्यांचा फार राग आला. आजही येतो. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाला अरे म्हटलं नाही त्यानं माजोरी हे नाव आपल्या हातानं कपाळावर लावून घेतलं, आणि मी बघत बसले. कामं आपोआप थांबली. सेट पोत्यात बांधून आतल्या खोलीत गेला. ह्यांनी बाजारात सायकली भाड्यानं द्यायचं दुकान टाकलं. तिथं गिऱ्हाईक बोटानं सायकल दाखवतं, फार बोलावं लागत नाही. वेशीजवळची ती बाई आमच्या दारावरून जाताना तोंड फिरवून जायची. मी सणावाराला बोलावलं तरी कधी आली नाही.

लेक मोठी झाली आणि तिचं जमलं. नवरामुलगा परभणीजवळचा, व्याही मोकळेढाकळे. बैठकीत मी आणि माझा भाऊच बोललो. हे मान हलवत राहिले. मुलीचा बाप कमी बोलतो म्हणजे भारदस्त आहे, असं व्याह्यांना वाटलं असावं. त्यांनी एकच हौस सांगितली. वरातीला शहरातून डेक आणणार, मोठमोठ्या बॉक्ससकट, पोरांना नाचायचंय. मी ह्यांना आत बोलावून ते खुणेनं सांगितलं. हे बाहेर येऊन म्हणाले, "आणा. पण बिदाईचं गाणं माझं."

लग्नाच्या सकाळी ह्यांनी पोतं सोडलं. भोंगा माझ्या मोठ्या भाच्यानं वेशीवरच्या लिंबाला बांधला. बॅटरी जोडली, मशीनचा लाल दिवा लागला, तवा गरगर फिरला. ह्यांनी तेवढं बघून समाधानानं मान डोलावली. मी चुलीपाशी आणि पाहुण्यांत अडकलेली. आवाज येतोय का, हे बघायला ना मला सवड झाली, ना दुसऱ्या कुणाला सुचलं.

लग्न लागलं. डेकवर दिवसभर एकच धांगडधिंगा चालला होता, पण पोरं खुशीत होती. उन्हं कलली आणि आम्ही लेकीला घेऊन वेशीवर आलो. मी डेकवाल्याला म्हणाले, "बाबा, आता जरा थांब. मुलीकडचं गाणं हाय." पोरगा भला होता, त्यानं लगेच बटण दाबलं. दिवसभराचा आवाज थांबला तेव्हा कान भणभणले.

हे मशीनपाशी जुना कोशाचा फेटा बांधून बसले होते. त्यांनी तवा बाहीनं पुसला, ठेवला, सुई टेकवली आणि हात मागं घेतला. तवा फिरायला लागला.

भोंग्यातून काहीच आलं नाही.

इतक्या वर्षांच्या ओलीनं भोंग्याच्या आतलं आवाजाचं युनिट मेलं होतं. अगदी जवळ उभं राहिलं तर सुईची किरकिर तेवढी ऐकू यायची, लाकडात किडा बोलतो तशी. सगळी वेस गप्प. आणि हे फिरत्या तव्याकडं बघत होते. त्यांच्या मनात ते गाणं पहिल्या सुरापासून वाजत होतं, कारण मान त्याच संथ ठेक्यावर हलत होती. डोळे भरून आले होते. शिल्लक ठेवलेलं रडणं आता येत होतं.

नवरदेवाकडचं एक पोरगं ओरडलं, "काका, लावा की गाणं!" हे वळले नाहीत. दुसरं पोरगं फिदीफिदी हसलं, "काका, बंद पडलं का मशीन?" व्याह्यांनी आधी ह्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांच्या कपाळावर आठी दिसली. तेवढ्यात ह्यांनी मान वर केली आणि गर्दीत मला शोधलं. त्यांना माझी खूण हवी होती. गाणं पोचतंय का? पदर माझ्या मुठीत होता आणि हात उचलत नव्हता. खूण करावी तर सगळ्यांदेखत उघडं पडणार. करू नये तर त्यांना कळणार, की लेकीच्या बिदाईला आपला भोंगा मुका आहे.

तेवढ्यात वेशीजवळच्या त्या घराचं दार वाजलं. ती बाई उंबऱ्यात उभी होती. ह्यांच्याकडं बघत होती, फिरत्या तव्याकडं, त्या हलत्या मानेकडं. तिच्या चेहऱ्यावर मला आधी काहीच वाचता येईना. मग तिचा हात आपल्या तोंडावर गेला. त्या दिवशी दोन हात वर बघून आवाज का वाढला होता, ते तिला तिथं उभ्या उभ्या उमगलं.

ती पायऱ्या उतरून सरळ त्या हसणाऱ्या पोरांपुढं आली आणि कडाडली, "गप रं! बिदाईचं गाणं लागलंय, ऐकू येईना का तुमाला?"

पोरं गप्प झाली. तिनं पदर डोळ्यांना लावला. तिच्या शेजारच्या म्हातारीनं लावला. मग दारादारांतून ज्या बायका उभ्या होत्या त्यांनी एकेक करून लावला. ज्यांनी मला मांडवात छळलं होतं त्यासुद्धा त्यांत होत्या. मीही लावला. मला सोंग करावं लागलं नाही. ह्यांनी ते सगळे पदर पाहिले, माझा पाहिला, आणि मग गुडघ्यात डोकं घालून ढसाढसा रडले. लेक त्यांच्या पायाशी वाकली आणि तवा संपेपर्यंत तिथंच बसून राहिली. तिचा कान मशीनजवळ होता. व्याह्यांच्या कपाळावरची आठी कधी गेली ते मला कळलं नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

जीप गेली. धुरळा बसला. ती बाई माझ्याजवळ आली, माझ्याकडं न बघता म्हणाली, "सांगायचं होतंस गं माय. इतके वर्षं मी त्यांना शिव्या देल्या." तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि घरात गेली.

हे अजून मशीनपाशीच होते. सुई उचलून त्यांनी तवा कडेनं धरला, धोतराच्या सोग्यानं पुसला. मी समोर जाऊन बसले, त्यांना ओठ दिसतील अशी.

"आवाज फाटला न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. न्हाई.

"सगळ्यांला ऐकू गेलं?"

"सगळ्यांला," मी म्हणाले.

"मग झालं," म्हणाले, आणि तवा पाकिटात घालून त्यांनी पेटीचं झाकण लावलं.